पेनरुड, मुक्काम अहमदपूर

ईश्वरप्पा स्टुलावर चढला, एका हातानं छपराचा वासा धरला आणि दुसऱ्या हातानं दुकानाच्या पाटीवर ज्वारीचं रिकामं पोतं टाकलं. पोतं सरळ बसेना. उजवीकडं ओढलं की डावीकडून 'पेनरुड' उघडं पडायचं, डावीकडं ओढलं की उजवीकडून 'भुसार'. भुसार दिसायला त्याची हरकत नव्हती. त्यानं पोतं डावीकडं ओढलं, वर दोन विटा ठेवल्या आणि मान तिरकी करून बघितलं.

खाली स्टूल धरून उभी असलेली त्याची बायको नागम्मा म्हणाली,

"अवो, गिऱ्हाइकाला दुकान कुणाचं हाय ते तरी कळू द्या."

"आज पाहुणे जाईपर्यंत आपल्याला आडनाव न्हाई."

नागम्मानं पदर तोंडाला लावला. हसली का उसासा टाकला, ते त्याला वरून दिसलं नाही.

पाहुणे उदगीरचे. आडत्यांमधलं जुनं खोड सिद्रामप्पा, आपल्या नातवाच्या लग्नाचं बोलायला येत होता. नातू वीरभद्र नांदेडला बँकेत लागलेला, निर्व्यसनी, आणि मुख्य म्हणजे ईश्वरप्पाच्या लेकीला, शिवकांताला, बघून गेल्यापासून घरात दुसरं काही बोलत नव्हता. शिवकांताही त्या दिवसापासून भाजीत दोनदा मीठ टाकायला लागली होती. म्हणजे व्हायचं ते झालंच होतं. राहिली होती ती घराण्याची चौकशी. त्यात कुणीतरी उदगीरच्या बाजारात सिद्रामप्पाच्या कानाशी लागलं होतं की, लिंगायतांत असलं आडनाव ऐकलंय का कधी? साहेबाचं आडनाव आहे ते. किरिस्ताव तर नाहीत ना, बघा बरं. झालं. ठरत आलेली सोयरीक त्या एका शब्दाला अडकून बसली होती.

तसं आजवर कुणाला सांगायचं ते घरात ठरलेलं होतं. आडनाव गावावरून पडतं, हे आपल्याकडं कुणालाही पटतं. पेनरुड हे गाव, तिथून आमचे पूर्वज आले, असं म्हटलं की माणूस मान डोलावून पुढच्या विषयाला जातो. फक्त गाव बिदरच्या आसपास सांगितलं तर तिथला एखादा पाहुणा निघायचा, म्हणून ते विजापूरच्या पलीकडं नेऊन ठेवलं होतं. खरी गोष्ट घरातल्यांनाच ठाऊक होती आणि ती चारचौघांत सांगण्याजोगी नव्हती.

ईश्वरप्पाला या आडनावाचा मनापासून कंटाळा होता. शाळेत मास्तर हजेरी घेताना तिथं आले की थांबायचे आणि वर्ग हसायचा, तेव्हापासूनचा. आणि घर जागचं हललं नव्हतं, तरी त्याचा बाप जन्मला तेव्हा अहमदपूर बिदर जिल्ह्यात होतं, त्याचं स्वतःचं लग्न झालं तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि लेकीचं ठरत होतं ते लातूर जिल्ह्यात. सरकार बसल्या जागी माणसाचा जिल्हा बदलतं, मग आपल्याला एक आडनाव बदलता येऊ नये, याचं त्याला नवल वाटायचं आणि रागही यायचा.

"अप्पा," त्यानं स्टुलावरून उतरत बापाला बजावलं, "पाहुण्यांपुढं तुम्ही काही बोलू नका. विचारलं तर म्हणा, आता आठवत न्हाई."

गुंडप्पा दारातल्या बाजेवर बसून कपाळाला विभूती लावत होता. वयानं ऐंशी ओलांडलेली, अंगानं वाळून चिपाड झालेला. पण आठवत नाही असं त्याला काहीही नव्हतं. तो म्हणाला, "बरं." आणि हे 'बरं' ईश्वरप्पाला मुळीच आवडलं नाही.

पाहुणे आले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. जिल्हा नवा झाला, कलेक्टर नवा आला, गाड्यांवरचे नंबर नवे झाले, पाणी मात्र होतं तेही गेलं. नागम्मानं पाहुण्यांपुढं प्यायला तांब्या भरून ठेवला आणि पाय धुवायला अर्धा. सिद्रामप्पानं त्यातलंही निम्मं शिल्लक ठेवलं, म्हणजे माणूस जाणता होता. शरणार्थ म्हणून नमस्कार झाले, पोहे झाले, करडीच्या भावावर बोलणं झालं. शिवकांता चहा ठेवून आत गेली. मग सिद्रामप्पानं रुमालानं मिशा पुसल्या.

"ईश्वरप्पा, तुमचं ते पेनरुड गाव कुठंशी आलं?"

"विजापूरच्या पल्याड."

"विजापूर, बागलकोट, गदग, हुबळी. करडीपायी समदीकडं फिरलो मी. पेनरुड कुठं लागलं न्हाई."

"ल्हान हाय गाव."

"किती ल्हान?"

"लईच ल्हान," ईश्वरप्पा म्हणाला आणि त्याच्या मानेवरून घामाची धार लागली.

सिद्रामप्पानं बरोबर आलेल्या आपल्या मुलाकडं, म्हणजे वीरभद्राच्या बापाकडं, नुसतं बघितलं. बाजारात सौदा फिसकटायच्या आधी आडते असेच एकमेकांकडं बघतात. ईश्वरप्पाही बाजारातलाच, त्याला ते समजलं. आतल्या खोलीत शिवकांताच्या बांगड्या मघापासून वाजत होत्या, त्याही थांबल्या.

आणि नेमकी तीच वेळ साधून गल्लीच्या तोंडाशी गलका उठला. पुढं अण्णाराव, म्हणजे इथल्या कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांच्यामागं उन्हानं लालबुंद झालेला, डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला एक उंचच्या उंच म्हातारा गोरा माणूस. आणि त्याच्यामागं अर्धं अहमदपूर.

अण्णाराव दारातूनच आनंदानं म्हणाले,

"ईश्वरप्पा, ओळखा पाहू कोण आलंय! हे मिस्टर पेनरुड."

ईश्वरप्पानं डोळे मिटून घेतले. उघडल्यावर सगळे होते तिथंच होते. शिवाय दारात वाऱ्याची एक गरम वावटळ येऊन गेली, विटा धप्पकन खाली पडल्या आणि पाठोपाठ पोतं. गोरा माणूस दचकून मागं सरला आणि त्यानं वर बघितलं. पाटी मराठीत होती. अण्णारावांनी एकेका अक्षरावर बोट दाखवून ती त्याला वाचून दाखवली. तसा तो तिथंच, रस्त्याच्या मधोमध, डोक्यावरचा पंचा काढून उभा राहिला.

त्याला आत बसवलं. न बसवून सांगता कुणाला? मग अण्णारावांनी सगळी हकिकत सांगितली. साहेब विलायतेत पोस्टात होते. उभा जन्म लोकांची पत्रं वाटली, पण आपल्या आडनावाचं पत्र वाटायची पाळी त्यांच्यावर कधी आली नाही, इतकं ते आडनाव विरळा. पेन्शन झाल्यावर त्यांनी ध्यास घेतला, की हे नाव आलं कुठून आणि उरलेत किती. त्यांच्या घराण्यातला एक माणूस शंभर वर्षांपूर्वी निजामाच्या मुलखात तळं बांधायला आला होता, एवढं त्यांना ठाऊक होतं. ते तळं बघावं म्हणून आले. सकाळी लातूरहून एसटीनं उतरले आणि स्टँडवर रसवंतीवाल्याला विचारलं की, पेनरुडचं तळं कुठं आहे? तर त्यानं उलट विचारलं, कोणते पेनरुड? किराणावाले, गिरणीवाले, का आडतवाले?

"मी तिथंच होतो," अण्णाराव म्हणाले. "साहेब मटकन खालीच बसले."

तोवर भावकी गोळा झाली होती. साहेबानं हात जोडून विनंती केली की, ज्यांचं आडनाव पेनरुड आहे त्यांनी कृपा करून हात वर करावा. सगळ्या गल्लीनं हात वर केला. त्यात न्हावी होता, एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून आलेला. आणि आपण एकट्यानं कशाला मागं राहायचं म्हणून सिद्रामप्पाच्या जीपचा ड्रायव्हरही होता. नागम्माला हे बघवेना. तिनं बाहेर येऊन खोटे हात एकेक करून खाली करायला लावले, मग घराघरानं माणसं मोजली आणि मध्येच अडली.

"लग्न होऊन गेलेल्या पोरी धरायच्या का, इचारा."

साहेबानं नाही म्हणून मान हलवली. त्यांच्याकडंही पोरींचं नाव लग्नात जातं म्हणे. त्यांना दोन आहेत, पण त्या मोजणीत येत नाहीत.

"मंग पोरी सोडून बासष्ट," नागम्मा म्हणाली.

साहेबाचे ओठ हलले. त्याला बासष्ट हा आकडा गिळायला वेळ लागत होता. ईश्वरप्पाला मात्र त्यातला एकेक पेनरुड पाहुण्यांपुढं आपल्या लेकीच्या वाटेत दगड होऊन बसलेला दिसत होता.

आता सिद्रामप्पानं अण्णारावांना विचारलं की, साहेबांच्यात आडनाव कशावरून पडतं? अण्णारावांनी विचारलं. गावावरून, उत्तर आलं. विलायतेच्या उत्तरेला डोंगरात पेनरुड नावाची वाडी आहे. तीन घरं, एक देऊळ, बाकी मेंढरं. आता तिथं पेनरुड कुणी राहत नाही.

सिद्रामप्पानं सावकाश ईश्वरप्पाकडं मान वळवली.

"गाव ल्हान हाय म्हणलाव, तेवढं खरं निघालं."

ईश्वरप्पाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्यानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी बाजेवरून आवाज आला. 'आता आठवत न्हाई' असं म्हणायला ज्याला सांगितलं होतं, तो गुंडप्पा बोलायला लागला होता. आणि त्यानं एकदा सुरुवात केल्यावर त्याला थांबवायची छाती त्या घरात कुणाची नव्हती.

गुंडप्पानं सगळं सांगितलं. त्याची आजी लक्ष्मम्मा. तिला लेकरं व्हायची आणि पाचवीला सटवीचा टाक पुजायच्या आत जायची. अशी पाच गेली. मोठा दुष्काळ पडला, दुकान बसलं, वाण्याच्या घरची सून तळ्याच्या कामावर माती वाहायला लागली. तिथंच तिला सहावं झालं. जाणत्या बायका म्हणाल्या, हे तुझं म्हणू नको, विकून टाक. ज्याच्या घरी लेकरं वाचत नाहीत, त्यानं लेकरू सुपात घालून दुसऱ्याच्या मांडीवर ठेवायचं, बदल्यात मूठभर कोंडा घ्यायचा. मग मरण त्या घरी विचारत आलं की सांगायचं, आमच्या घरात लेकरू न्हाई बाबा, हे फलाण्याचं हाय. ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. पण त्या साली लटकं का होईना, आणखी एक तोंड आपल्या मांडीवर घ्यायला गावात एकही माणूस तयार होईना. शेवटी बायकांनी तळ्याच्या भरावावर खुर्ची टाकून बसलेल्या पेनरुड साहेबाच्या मांडीवर ते लेकरू ठेवलं. साहेबाला वाटलं, लेकराला ताप आहे. त्यानं कपाळाला हात लावून बघितला. तोवर एकीनं त्याच्या मुठीत कोंडा दिला, दुसरीनं तो पदरात घेतला आणि सौदा झाला.

"ते लेकरू माझा बाप, गुरुबसप्पा," गुंडप्पा म्हणाला. "साहेबाला मागून समजलं. हसला न्हाई. काम चालू होतं तोवर रोज दूध धाडलं त्यानं. माझं म्हणालाव ना, मंग माझं, म्हणला."

पुढं गुरुबसप्पाच्या लग्नात लेकरू परत विकत घ्यायचं होतं. तीही रीतच. पण साहेब तळं झाल्यावर हैदराबादला गेला तो गेलाच. मग परत कुणाकडून घेणार? घेतलं नाही, म्हणून साहेबाचं पडलेलं नावही टाकता येईना. गुरुबसप्पाला सात पोरं झाली आणि सातही जगली. मध्ये एकदा गिरणीवाल्या वीरण्णानं धीर करून पाटीवर 'अहमदपूरे' असं रंगवून घेतलं, तर आठवड्यात गिरणीचा पट्टा तुटला आणि तो स्वतः माळ्यावरून पडला. पट्टा जुनाच होता, माळ्याची शिडीही कुजलेली होती. पण वीरण्णानं पाय प्लास्टरमध्ये असतानाच रंगाऱ्याला परत बोलावलं.

अण्णाराव हे सगळं साहेबाला सांगत होते. सांगताना त्यांच्या इंग्रजीला चांगलाच घाम फुटला. साहेब कानामागं हात धरून ऐकत होता. शेवटी तो हळू आवाजात काहीतरी बोलला.

"ते म्हणतात," अण्णारावांनी सांगितलं, "तो माणूस दोन वर्षांनी हैदराबादला तापानं गेला. लग्न नव्हतं झालेलं. आमच्या घरात आजवर समजत होते की, त्याच्यामागं कुणीच राहिलं नाही."

न्हाव्याचं गिऱ्हाईक तेवढं बाहेरून ओरडत होतं.

मग सिद्रामप्पानं मांडी बदलली. गळ्यातल्या लिंगाला हात लावून तो म्हणाला की, हे किरिस्ताव नाहीत, एवढं माझं समाधान झालं. पण दुसराच गुंता निघाला. या घराचं मूळ लेकरू विकलेलं आहे आणि ते परत घेतलेलं नाही. म्हणजे रीतीनं हे घर साहेबाचं. उद्या आम्ही मुलगी करून न्यायची, ती कुणाची? देणाऱ्याचीच नसली तर दिली कुणी म्हणायची? बाजारात कापसाची गाडी दुसऱ्याची असली तर सौदा होत नाही, आणि इथं तर घरात लक्ष्मी न्यायची आहे.

ईश्वरप्पानं कपाळाला हात लावला. पण सिद्रामप्पाचं संपलं नव्हतं.

"देवाची करणी बघा. शंभर वर्षं सापडला न्हाई तो मालक आज आपल्या पायानं दारात आला. घ्या की सोडवून. मूठभर कोंडा द्या, लेकरू उचला, आजच्या आज आडनाव बदला. उद्या मी सुपारी फोडतो."

ईश्वरप्पाला हे खरं वाटेना. म्हणजे मूठभर कोंड्यात पोरीचं लग्न ठरणार, आणि वर जन्माची ही धोंड गळ्यातून जाणार! त्याच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. त्यानं नागम्माला सूप आणायला सांगितलं, स्वतः दुकानात जाऊन कोंड्याचं पोतं सोडलं, आणि नव्या आडनावाच्या पाटीला लाल रंग बरा की हिरवा, इथपर्यंत त्याचं मन जाऊन परत आलं.

अडचण एकच होती. विकलेला गुरुबसप्पा जाऊन चाळीस वर्षं झाली. मग त्याच्या जागी त्याचा थोरला म्हणून गुंडप्पाच बसणार, हे ओघानंच आलं. कुठं बसणार, तेही. अण्णारावांनी हे साहेबाला समजावून सांगायला बराच वेळ घेतला. दोनदा स्वतःच्या मांडीवर थापटून दाखवलं. साहेबानं गुंडप्पाकडं बघितलं, मग आपल्या मांडीकडं, आणि एकच प्रश्न विचारला.

"ते विचारतात, आत्ता?"

"हाव," सिद्रामप्पा म्हणाला. "आत्ता."

साहेब बाजेवर पाय खाली सोडून ताठ बसला. गुंडप्पा उठला, धोतर सारखं केलं आणि दोघा पुतण्यांच्या आधारानं साहेबाच्या मांडीवर जाऊन टेकला. बाज करकरली. पोरं खिदळली, बायकांनी तोंडं फिरवली. साहेबाला हात कुठं ठेवावेत ते कळेना. त्यानं ते दोन्ही बाजूंना अधांतरी धरले. गुंडप्पा मात्र ऐसपैस बसला होता.

"लई वर्सांनी बसलो कुणाच्या मांडीवर," तो म्हणाला.

सिद्रामप्पानं रीत सांगितली. ईश्वरप्पानं सूप पुढं करून तीनदा म्हणायचं, आमचं लेकरू आम्हाला द्या. तिसऱ्यांदा म्हटलं की कोंडा साहेबाच्या ओंजळीत ओतायचा आणि बापाला हाताला धरून उठवायचं. मागं वळून बघायचं नाही.

ईश्वरप्पानं सूप धरलं.

"आमचं लेकरू आम्हाला द्या."

पण लेकराचं तिकडं लक्षच नव्हतं. गुंडप्पानं मान वर करून साहेबाच्या तोंडाकडं बघितलं आणि अण्णारावांना म्हणाला,

"तुमच्यात किती राहिलेत, तेवढं इचारा. आमचे बासष्ट. तुमचे?"

अण्णारावांनी विचारलं. साहेबानं उत्तर मोजून मापून दिलं, पोस्टातल्या माणसानं द्यावं तसं. एक भाऊ होता, तो लढाईत गेला. एक बहीण आहे, पंच्याऐंशीची, लग्न न केलेली. एक जण ऑस्ट्रेलियात आहे म्हणतात, पण तो पत्राला उत्तर देत नाही. आणि मी.

"आन तुमच्यामागं?"

साहेबानं नुसती मान हलवली. ते भाषांतर करावं लागलं नाही.

"म्हणा, ईश्वरप्पा," सिद्रामप्पानं आठवण केली. "दुसऱ्यांदा."

"आमचं लेकरू आम्हाला द्या," ईश्वरप्पा म्हणाला. या खेपेला आवाज जरा बारीक आला.

"मी उठत न्हाई," गुंडप्पा म्हणाला.

"अप्पा!"

"जगायला निवारा पायजे होता, तवा ह्येंच्या नावाखाली बसलो. आता त्येंचं घर बसायला लागलं, तर त्येंच्या तोंडावर कोंडा फेकून उठू व्हय? उठत न्हाई."

ईश्वरप्पाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हातारपणी माणसाला हट्ट सुचतो, कबूल. पण नातीचं लग्न ठरायच्या दिवशी, परक्याच्या मांडीवर बसून? त्याच्या डोळ्यांपुढं आतल्या दाराआड उभी असलेली शिवकांता आली. तो मनाशी म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणतो आणि उचलतोच काखेत धरून. वजन ते किती असणार.

"तिसऱ्यांदा म्हणा," सिद्रामप्पा म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाचं मनावर घ्यायचं न्हाई. म्हणा आन उचला."

ईश्वरप्पा सूप घेऊन एक पाऊल पुढं सरकला. तेव्हा त्याला साहेबाचे हात दिसले. मघापासून अधांतरी असलेले ते हात आता खाली आले होते. एकानं त्यानं गुंडप्पाची पाठ धरली होती, आणि दुसरा, अण्णारावांनी काहीही सांगितलेलं नसताना, म्हाताऱ्याच्या कपाळाला लावून बघत होता. बोटांना विभूती लागली होती. कपाळ तापलेलंच होतं. उन्हाळाच तसा होता.

ईश्वरप्पाला स्वतःचाच राग आला, शाळेतल्या मास्तरांचा आला, पाटीवरच्या पोत्याचा आला. सगळी गल्ली त्याच्याकडं बघत होती. लेकीचं लग्न त्या एका वाक्यापलीकडं उभं होतं, आणि ते वाक्य काही केल्या त्याच्या तोंडून निघेना.

"बसू द्या त्यांना," तो शेवटी म्हणाला आणि त्यानं सूप खाली ठेवलं.

वीरभद्राच्या बापानं चपला शोधायला सुरुवात केली. आत काहीतरी भांडं पडल्याचा आवाज झाला. सिद्रामप्पा मात्र जागचा हलला नाही. तो बराच वेळ सुपाकडं बघत राहिला, मग बाजेवरच्या त्या दोघांकडं.

"म्हंजे सौदा कायम," तो म्हणाला.

"कायम," ईश्वरप्पा म्हणाला. सूप ठेवल्यापासून त्यानं मान वर केली नव्हती.

"मंग मी मघाधरनं तुमच्याशी कशाला बोलायलो?" सिद्रामप्पानं रुमाल झटकून खांद्यावर टाकला, उठला आणि बाजेसमोर जाऊन उभा राहिला. साहेबाला त्यानं रीतसर हात जोडले. "अण्णाराव, इचारा ह्यांना. म्हणावं, उदगीरचा सिद्रामप्पा आलाय. तुमच्या घरची पोर आमच्या वीरभद्राला देता का?"

चपला शोधणारा वीरभद्राचा बाप होता तिथंच थांबला. अण्णारावांनी दोनदा खाकरून घेतलं आणि सावकाश, शब्द निवडत विचारलं. साहेबाला आधी समजलं नाही. मग समजलं. त्याचं लालबुंद तोंड आणखी लाल झालं. आजवर त्याच्या दोन मुलींच्या लग्नात तरी त्याला असं हात जोडून कुणी विचारलं होतं की नाही, देव जाणे. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि त्याची नजर आतल्या दारावर जाऊन थांबली. दाराच्या फटीत शिवकांता उभी होती. साहेबानं भुवया वर केल्या. शिवकांतानं आईकडं बघितलं, आजोबाकडं बघितलं, आणि खाली बघून मान इतकी थोडी हलवली, की न बघणाऱ्याला दिसलीही नसती.

साहेबानं वाकून अण्णारावांच्या कानात काहीतरी विचारलं. अण्णाराव म्हणाले, "हाव."

"हाव," साहेब सिद्रामप्पाला म्हणाला.

मग एकच धांदल उडाली. सिद्रामप्पानं सुपारी मागितली, ती दुकानात असूनही कुणाला सापडेना. न्हावी आपल्या गिऱ्हाइकाकडं परत गेला. साहेबाच्या मांडीला मुंग्या आल्या होत्या, तेव्हा दोघा पुतण्यांनी गुंडप्पाला उचलून शेजारी बसवलं, तर तो म्हणाला की उठलो न्हाई बरं का, नुसता सरकलो. सगळे हसले आणि ईश्वरप्पाही हसला, डोळे उपरण्यानं पुसत. मग तो बाहेर गेला, स्टूल ओढलं आणि पाटीवरची धूळ त्याच उपरण्यानं पुसायला लागला.

नागम्मानं सुपातल्या कोंड्याकडं बघितलं, इकडंतिकडं कुणाला विचारावं तर सगळे आपापल्या गडबडीत. तिनं सूप उचललं, परसात नेलं आणि कोंडा म्हशीपुढं ओतला.